निबंधाचा विषय आणि बाबांचं पगारपत्रक

पत्र:

ताई, मी भांडुपला राहते. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर आहेत, आई पोळीभाजी केंद्रात काम करते. यूपीएससीची पूर्वपरीक्षा दुसऱ्या प्रयत्नात निघाली. मुख्य परीक्षा मराठीतून देते आहे आणि हातात जेमतेम अडीच महिने आहेत. सामान्य अध्ययनाची एवढी धास्ती नाही, निबंधाची आहे. सराव परीक्षेत 250 पैकी आधी 88 मिळाले, मग 91. दोन्ही वेळा शेरा एकच: ‘मुद्दे आहेत, निबंध नाही.’ माझ्या वहीत चाळीस तयार सुरुवाती आणि दीडशे सुविचार आहेत. मैत्रीण म्हणते, प्रत्येक विषयाला राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, कायदेशीर, पर्यावरणीय असे सहा खण पाड आणि भरत जा. तेही करून झालं. पूर्वी शेती, पाणीवाटप असे विषय यायचे, आता गढूळ पाणी आणि आनंदाचा मार्ग येतो. दहा बाय पंधराच्या खोलीत वाढलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीने तत्त्वज्ञानावर काय लिहायचं? या वर्षी येतील असे पंधरा-वीस विषय सांगाल का? आणि निबंध इंग्रजीतून लिहिला तर गुण वाढतील का?

निबंधात अडकलेली, भांडुप

उत्तर:

अगं, तुझ्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं लहान आहेत, ती आधी देऊन टाकते.

संभाव्य विषयांची यादी मी देणार नाही. अशा याद्या दर वर्षी फिरतात, मुलं त्या घोकून जातात आणि पेपर हातात आला की पाठ केलेल्या विषयाच्या जवळपासचं काहीतरी शोधून त्यात आपला तयार निबंध कोंबतात. तपासणाऱ्याला ते दुसऱ्या परिच्छेदात कळतं. दोन विभाग, प्रत्येकात चार विषय, प्रत्येक विभागातून एक निवडायचा, दोन्ही निबंध 125 गुणांचे आणि हजार ते बाराशे शब्दांचे, हे तुला माहीतच आहे. 1993 साली हा पेपर सुरू झाला तेव्हा एकच निबंध असे, दोन निबंध 2014 पासून आले. विषयांबद्दलचं तुझं निरीक्षण मात्र बरोबर आहे. 2016 मध्ये राज्याराज्यांतले पाणीतंटे असा सरळ विषय होता. 2017 मध्ये शेती बहुसंख्य शेतकऱ्यांना जगवू शकत नाही, असा होता. 2022 पासून जवळजवळ सगळेच विषय वचनासारखे येतात. छप्पर दुरुस्त करायचं ते ऊन असताना. ज्या समाजात न्याय अधिक, त्याला दानाची गरज कमी. गढूळ पाण्याला हात लावला नाही तरच ते उत्तम निवळतं. मला हा बदल मनापासून आवडतो, कारण इथे पाठांतर लंगडं पडतं आणि भांडुपची मुलगी आणि दिल्लीच्या महागड्या क्लासमधला मुलगा एकाच रेषेवर उभे राहतात. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि तिथेही 250 गुणांचा निबंध आला. हे अडीच महिने दोन्हीकडे उपयोगी पडतील.

आता इंग्रजीचं. अर्जात तू मराठी माध्यम लिहिलं आहेस, तेव्हा निबंध मराठीतच लिहायचा. एखाद्या पारिभाषिक शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द कंसात द्यायची मुभा आहे, तेवढी पुरे. आणि ‘मुद्दे आहेत, निबंध नाही’ हा शेरा भाषेवर नाहीच मुळी. त्यातलं दुखणं इंग्रजीत लिहून बरं होणार नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांनी एका गोष्टीला मात्र खरंच जपायला हवं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, उत्तर मराठीत लिहायचं असतं. इंग्रजी वाक्य अवघड वाटलं की डोळे हिंदीकडे वळतात, आणि तिथे ओळखीचे शब्द फसवतात. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. ‘अभ्यास’ म्हणजे सराव, ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. परीक्षेच्या ताणात शहाणी मुलंही ‘आपत्ति’ वाचून पूर आणि भूकंपावर लिहिताना मी पाहिली आहेत. म्हणून विषय निवडलास की दोन्ही भाषांतलं वाक्य वाच आणि उत्तरपत्रिकेच्या कच्च्या पानावर ते तुझ्या मराठीत तीन वेळा, तीन तऱ्हांनी लिही. पहिल्यांदा भाषांतर होईल. दुसऱ्यांदा अर्थ येईल. तिसऱ्यांदा तू ते आईला सांगतेस तसं लिही. तिसरं वाक्य जमलं नाही तर तो विषय सोड, दुसरा घे.

आता तुझा पहिला प्रश्न, तत्त्वज्ञानावर काय लिहायचं हा, तोच खरा.

तुला अनुभव कमी आहे म्हणून निबंध जमत नाही, असं मला वाटत नाही. तू विषय वाचतेस आणि लगेच वही आठवतेस, तिथे गाडी रुळावरून घसरते. विषय म्हणजे कुणीतरी ठासून केलेलं एक विधान असतं. ते कुठे खरं ठरतं, कुठे अडखळतं आणि का अडखळतं, हे शोधायला तुला नव्वद मिनिटं दिलेली असतात. मैत्रिणीचे सहा खण त्याच शोधाच्या आड येतात. किराणा दुकानात बरण्या मांडलेल्या असतात तसे सहा परिच्छेद शेजारी शेजारी उभे राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. तुझे दोन्ही सराव निबंध काढ आणि एक करून बघ. सहावा परिच्छेद उचलून दुसऱ्याच्या जागी ठेव. काहीच बिघडलं नाही ना? तपासणाऱ्यांनी तेच सांगितलं आहे.

एक विषय आपण दोघी मिळून करू. 2025 च्या पेपरातला गढूळ पाण्याचाच घेऊ, कारण तू त्याला नाक मुरडलं आहेस.

पावसाळ्यात नळाला लालसर पाणी आलं की तुझी आई काय करते? हंड्यात तुरटी फिरवते. मग हंडा हलवू देत नाही. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून घेते आणि तळाचा गाळ मोरीत टाकते. चार कामं झाली. विषयात त्यातलं एकच आहे, हलवू नका एवढंच. उरलेल्या तीन कामांचं काय, हा प्रश्न मनात आला की तुझ्या निबंधाचं पहिलं पान तयार झालं. त्याला सुविचार लागत नाही.

आता हंड्यातून बाहेर ये. शंभरेक किलोमीटरवरच्या धरणांतून मुंबईला जे पाणी येतं, त्याचा मोठा हिस्सा तुमच्या भांडुप संकुलात शुद्ध होतो. आई घरी करते तेच तिथे मोठ्या मापाने चालतं. पाण्यात तुरटीच्या जातीचं द्रव्य मिसळतात, गाळाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात, मग पाणी मोठाल्या टाक्यांत जवळजवळ स्थिर ठेवतात, गाळ खाली बसतो, वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळून, क्लोरीन घालून पुढे सोडतात. पाणी तिथे निवांत असतं हे खरं. पण त्या निवांतपणासाठी कुणीतरी टाक्या बांधल्या, माणसं नेमली, गाळ उपसायची सोय केली. म्हणजे हात न लावणं हीसुद्धा एक व्यवस्था असते. हा तुझा दुसरा विचार, आणि तो पहिल्याच्या पोटातून आला.

मग समुद्राकडे जा. 1 जूनला कोळीवाड्यांतल्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. माशांच्या विणीचा हंगाम, म्हणून पावसाळ्यात साधारण दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. इथे विषय शब्दशः खरा ठरतो. समुद्राला जवळजवळ कुणी काही करत नाही आणि म्हणूनच तो पुन्हा भरतो. पण तू अधिकारी व्हायला निघाली आहेस, तेव्हा एवढ्यावर थांबू नकोस. ते दोन महिने कोळणीच्या घरात चूल कशी पेटते? चोरून जाळी टाकणाऱ्या मोठ्या बोटींना कोण अडवतं? समुद्राच्या विश्रांतीची किंमत कुणीतरी मोजत असतं, आणि ती एकट्या कोळ्यांनी मोजावी की सगळ्यांनी मिळून, हा प्रशासनाचा प्रश्न आहे. हे लिहिलंस की तुझा निबंध तत्त्वज्ञानातून कारभारात उतरला, आणि जोडकाम कुठे दिसलंही नाही.

आणि आता मिठी नदी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून जेमतेम अठरा किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीला मिळते. तिच्याकडेही वर्षानुवर्षं कुणी लक्ष दिलं नव्हतं. विषयाच्या म्हणण्याप्रमाणे ती निवळायला हवी होती. पात्र भरावाने आणि बांधकामांनी आकसत गेलं, सांडपाणी, गाळ, कारखान्यांची घाण पडतच राहिली, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा त्या नदीने आपली जागा परत मागितली. तेव्हा तू चार वर्षांची असशील, पण कुर्ला, कालिना, साकीनाक्याला राहणाऱ्या कुणालाही विचार. समुद्र सोडून दिला तर भरतो आणि मिठी सोडून दिली तर तुंबते, असं का? तर समुद्रात दोन महिने ओरबाडणं थांबलं होतं, मिठीत ओतणं थांबलंच नव्हतं. ढवळू नका, हे विषय सांगतो. ओतू नका, हे तू सांगायचंस. माझ्या मते या निबंधाचा कणा हे एक वाक्य आहे.

आता हाच कणा घेऊन माणसांत जा. भिवंडीत 1970 मध्ये आणि पुन्हा 1984 मध्ये मोठ्या दंगली झाल्या. त्यानंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागातले पोलीस नियमाने एकत्र बसू लागले, नळाच्या, गटाराच्या, भांडणाच्या गोष्टी बोलू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा यंत्रमागांची ती भिवंडी मोठ्या प्रमाणावर शांत राहिली. त्या दिवसांत तिथे संयम दिसला, पण तुरटी आधीची काही वर्षं फिरत होती. अफवा आपोआप विरत नाही. ती विरावी म्हणून आधी माणसं एकमेकांच्या ओळखीची करून ठेवावी लागतात.

हंडा, संकुल, समुद्र, नदी, शहर. यातला कुठलाही परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवता येतो का बघ. येत नाही, कारण प्रत्येक परिच्छेद आधीच्याने सोडलेल्या शंकेतून जन्मला आहे. यात पर्यावरण आलं, उपजीविका आली, कायदा-सुव्यवस्था आली, आणि एकही खण पाडावा लागला नाही. शेवटाकडे सरकारी योजनांची यादी आणि ‘सुवर्णमध्य साधायला हवा’ एवढं मात्र लिहू नकोस. सुवर्णमध्य हा शब्द दिसला की लिहिणाऱ्याने विचार करणं थांबवलं आहे असं मला हमखास वाटतं. कधी हात लावायचा आणि कधी नाही, याची तुला सापडलेली कसोटी सांग आणि पेन खाली ठेव.

दुसरा विषय 2023 चा: ज्या समाजात न्याय अधिक, त्याला दानाची गरज कमी. यावर मुलं कर्णापासून सुरू करतात आणि मोठ्या उद्योगांच्या सामाजिक दायित्वाशी संपवतात. तू आज रात्री बाबांकडून त्यांचं पगारपत्रक मागून घे.

त्यात एक कपात असेल, व्यवसाय कर. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. बाबांनी तो इतकी वर्षं भरला, पण तो कशासाठी सुरू झाला हे त्यांनाही कदाचित ठाऊक नसेल. त्याची गोष्ट 1972 च्या दुष्काळात सुरू होते. महाराष्ट्रात लाखो माणसं रस्त्याच्या कडेला खडी फोडत होती, बांध घालत होती. ती दुष्काळी कामं होती. सरकारने काढली तर निघायची, बंद केली तर बंद. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. गावात काम मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे, हा विचार त्यांनी लावून धरला आणि त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977 मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या, नाही तर बेकारी भत्ता द्या. पैसा कुठून आणायचा? 1975 मध्ये व्यवसाय कर आला तो यासाठीच. मुंबईतल्या पगारदाराच्या खिशातून काही रुपये निघाले आणि मराठवाड्यातल्या एखाद्या बाईच्या हातात मजुरी म्हणून पडले. 2005 मध्ये देशभरासाठी तसा कायदा झाला.

आता थांब आणि विचार कर. खडी तीच, घमेलं तेच, ऊनही तेच. बदललं काय? आधी ती बाई सरकारच्या मेहेरबानीवर होती, नंतर सरकार तिचं देणं लागू लागलं. दान आणि न्याय यांतला फरक समजवायला तुला याहून चांगलं उदाहरण कुठल्याही परदेशी तत्त्ववेत्त्याकडे मिळणार नाही, आणि ते तुमच्या कपाटातल्या फायलीत आहे.

पण इथेही अडखळ. मुंबईची तहान भागवणारी धरणं असलेल्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. टँकर पाठवणारा पुण्य कमावतो, पण धरणाच्या कुशीतल्या पाड्याला नळ का नाही, हे विचारणं त्या टँकरमुळे लांबणीवर पडतं. म्हणजे दान कधी कधी न्यायाला उशीर करतं. आणि उलट बाजूही बघ. 2020 च्या टाळेबंदीत रोजंदारीवरची माणसं या शहरात अडकली तेव्हा नियम, याद्या, शिधापत्रिका यांच्या आधी गल्लीतल्या मंडळांची खिचडी पोचली. भूक दोन दिवस थांबत नाही, कायदा थांबतो. विषयात ‘कमी’ हा शब्द आहे, ‘नाही’ नाही. त्या एका शब्दावर बोट ठेवून तुला दोन पानं लिहिता येतील. विषयातले असे लहान शब्द, कमी, फक्त, नेहमी, उत्तम, आधी अधोरेखित करत जा. मोठ्या शब्दांवर सगळेच लिहितात.

तिसरा विषय तू एकटीने कर: छप्पर दुरुस्त करायचं ते ऊन असताना. बीज तेवढं देते. मुंबईची पावसाळी गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती, ती 50 ची करा असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 मध्ये आला. कामांनी खरा वेग घेतला तो 2005 च्या पुरानंतर. मधली बारा वर्षं ऊन होतं. ऊन असताना छप्पर का आठवत नाही, हा तुझा निबंध. उत्तर केवळ आळस असं लिहिलंस तर मी खट्टू होईन. जूनमध्ये तुमच्या गल्लीत ताडपत्री काय भावाने मिळते आणि मार्चमध्ये घरात पैसे असतात का, हे आधी विचार.

तर दहा बाय पंधराच्या खोलीचं म्हणशील, तर ती खोली तुझं भांडवल आहे. बाबांना विचार: 2019 मध्ये किमान भाडं 8 रुपयांवरून 5 वर आलं तेव्हा थांब्यावर काय बदललं? 2025 मध्ये ते 10 झालं तेव्हा कोण उतरून चालायला लागलं? कंत्राटी गाड्या आल्या तेव्हा डेपोतल्या गप्पा कशा बदलल्या? आईला विचार: गॅस महागला की पोळी लहान होते की भाव वाढतो, आणि ते ठरवतं कोण? ही उत्तरं कुठल्याही संदर्भग्रंथात नाहीत. मात्र त्यांना आकड्याची, कायद्याची, वर्षाची जोड दे, नाही तर निबंध आठवणींचा होईल. आणि सगळा निबंध मुंबईतच फिरवू नकोस, दोन उदाहरणं इथली असली तर एक गडचिरोलीचं, एक केरळचं किंवा राजस्थानचं शोध. उत्तरपत्रिकेत ओळख पटेल असं काही लिहायचं नसतं, तेव्हा नाव, गाव, ‘माझे बाबा’ हे टाळ. ‘बसच्या कंडक्टरला विचारलं तर’ असं लिहिलंस की काम भागतं.

ती दीडशे सुविचारांची वही बांधून माळ्यावर टाक. त्यातली निम्मी वचनं ज्यांच्या नावावर खपवली जातात त्यांनी ती म्हटलेलीच नसतात, आणि खरी असतात ती त्याच दिवशी आणखी हजार उत्तरपत्रिकांत पडतात. तिच्या जागी नवी वही कर. तिच्यात फक्त पंधरा गोष्टी असाव्यात, पण प्रत्येक गोष्ट खोलवर माहीत असलेली. रोजगार हमी ही एक झाली. मिठी दुसरी. गिरणगावाचा 1982 चा संप घे. सावित्रीबाईंची 1848 ची शाळा घे, पण केवळ नावापुरती नको. मुली कुठून आल्या, विरोध कुणी केला, पैसा कसा उभा राहिला, हे वाच. एकच गोष्ट चार वेगवेगळ्या विषयांना चार बाजूंनी लागू पडते, हे तुला महिनाभरात कळेल.

वेळेचं थोडक्यात सांगते. तीन तासांच्या सुरुवातीलाच दोन्ही विषय ठरव, म्हणजे पहिला लिहिताना दुसरा मनात मुरत राहतो. प्रत्येक निबंधाला वीस मिनिटं विचार, पासष्ट मिनिटं लेखन, पाच मिनिटं वाचन. पासष्ट मिनिटांत अकराशे शब्द म्हणजे मिनिटाला सतरा. घड्याळ लावून तुझा वेग आजच मोज. कमी भरला तर अक्षर मोठं आणि मोकळं कर, जोडाक्षरांची संस्कृत शब्दावळ कमी कर. ‘परिप्रेक्ष्य’ लिहायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात ‘बाजू’ दोनदा लिहून होते, आणि वाचणाऱ्यालाही बरं वाटतं. यूपीएससीने अभ्यासक्रमात एवढंच मागितलं आहे: विषयाला धरून राहा, विचार क्रमाने मांडा, थोडक्यात लिहा, नेमक्या शब्दांना गुण मिळतील. चाळीस सुरुवातींचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

या रविवारी सकाळी नऊ ते बारा अभ्यासिकेत बस. फोन घरी ठेव. पहिला निबंध छपराचा, दुसरा 2024 च्या पेपरातला: संकटात जवळजवळ सगळेच तग धरतात, माणसाची पारख करायची तर त्याच्या हाती सत्ता द्या. हा दुसरा विषय मुद्दाम देते आहे, कारण वर्षा-दोन वर्षांत ती सत्ता तुझ्याच हाती येऊ शकते. सुरुवात बाबांच्या तिकीट मशीनपासून करता येते का बघ. गर्दीच्या गाडीत सुट्टे पैसे नसलेल्या म्हाताऱ्या बाईला खाली उतरवायचं की नाही, हे दिवसातून दहा वेळा तेच ठरवतात. दोन्ही निबंध पाठव, कच्च्या पानांसकट. विषय तीन वेळा मराठीत लिहिलेलं ते पान मी आधी वाचणार आहे.